मोठी झालेली पिशवी: काढायची का, आणि काढायची तर कुठल्या वाटेने?

नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, अहमदपूर या भागातल्या वाचकांकडून एक प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. “सोनोग्राफीत पिशवी मोठी झाल्याचं निघालं. एक डॉक्टर म्हणतात पोट उघडावं लागेल, दुसरे म्हणतात दुर्बिणीतून होईल, तिसऱ्या दवाखान्याच्या फलकावर बिनटाक्याचं ऑपरेशन असं लिहिलंय. कुणाचं ऐकायचं?” पत्र कधी मुलगा लिहितो, कधी नवरा. जिची पिशवी काढायची तिला स्वतःला काय वाटतं, हे त्यात क्वचितच असतं. म्हणून हा लेख तिला, म्हणजे तुम्हालाच उद्देशून लिहिला आहे. घरच्यांनीही तो वाचावा, पण निर्णय तुमचा आहे हे धरून वाचावा.

आधी पहिला प्रश्न: काढायची गरज आहे का?

ऑपरेशन कसं करायचं याची चर्चा सुरू झाली की ते करायचंच हे जणू ठरून जातं. मराठवाड्यात या घाईची फार मोठी किंमत बायकांनी मोजली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. त्यांतल्या अनेक जणी ऐन तिशीतल्या किंवा त्याहूनही लहान होत्या. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना “पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल” असं सांगितलं गेलं. कोयत्यावर एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात, त्यामुळे पाळीची कटकट कायमची मिटेल हे ऐकून त्या तयार झाल्या. देशभरातल्या अशाच तक्रारींवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

म्हणून हे स्पष्ट लिहितो. पुढच्या गोष्टींसाठी पिशवी काढावी लागत नाही:

- अंगावरून पांढरं जाणं. त्याचं कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतं आणि ते गोळ्या-औषधांनी बरं होतं.
- “पिशवीच्या तोंडाला जखम आहे” एवढंच निदान. पॅप तपासणी नीट आली असेल तर बहुतेकींना काहीच करावं लागत नाही.
- सोनोग्राफीत दिसलेली लहान गाठ, जिचा तुम्हाला काही त्रास नाही.
- “मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग” हा विचार.
- पुढे कधीतरी कॅन्सर होईल ही नुसती भीती.

गाठी, म्हणजे फायब्रॉइड, क्वचितच कॅन्सरच्या असतात. पाळी गेल्यावर त्या बहुधा आकसतात. तुम्ही अठ्ठेचाळीस-पन्नाशीच्या असाल, पाळी लांबू लागली असेल आणि त्रास सोसण्याजोगा असेल, तर थोडं थांबणं हाही उपचारच आहे. रक्तस्राव जास्त असेल तर ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं (मिरेना हे त्यातलं माहितीचं नाव), फक्त गाठ काढणं, किंवा गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं, असे पर्याय आहेत. पिशवी फार मोठी असेल किंवा गाठ आतल्या पोकळीत घुसली असेल तर मिरेना टिकत नाही, गळून पडते. तरीही हे पर्याय तुमच्यापुढे मांडले गेले होते का, एवढं तरी स्वतःला विचारा. एकही पर्याय न सांगता थेट ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

मात्र काही वेळा पिशवी काढणंच शहाणपणाचं असतं. रक्तस्रावाने हिमोग्लोबिन वारंवार सात-आठवर येतं आणि औषधं पुरत नाहीत. गाठींनी मूत्राशय किंवा मूत्रवाहिन्या दाबल्या जातात. पिशवीचं आतलं अस्तर तिच्या भिंतीत वाढलेलं असतं, म्हणजे अॅडिनोमायोसिस असतं, आणि दर महिन्याला वेदनेने अंथरूण धरावं लागतं. किंवा तपासणीत अस्तरात कॅन्सरपूर्व बदल दिसतात. लेखाचा पुढचा भाग या बायकांसाठी आहे.

तुमचा सोनोग्राफी रिपोर्ट समजून घ्या

‘बल्की युटेरस’ हा शब्द पाहून अनेक जणी घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की पिशवी नेहमीपेक्षा मोठी आहे. किती मोठी, हे त्यापुढच्या आकड्यांत असतं. रिपोर्टमध्ये लांबी, रुंदी, जाडी अशी तीन मापं सेंटीमीटरमध्ये दिलेली असतात. तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याचं साधारण निम्मं धरा. पिशवीचं अंदाजे वजन ग्रॅममध्ये मिळतं. समजा, रिपोर्टवर १२ × ८ × ७ आहे. गुणाकार ६७२, म्हणजे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. मुलं झालेल्या बाईची निरोगी पिशवी ८ × ५ × ४ असली तर तिचं वजन ऐंशी ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे या उदाहरणातली पिशवी चौपट झाली आहे, पण ती दुर्बिणीतून निघणारच नाही इतकी मोठी मुळीच नाही.

डॉक्टर पोटावर हात ठेवून आकार आठवड्यांत सांगतात: “बारा आठवड्यांची”, “सोळा आठवड्यांची”. गरोदरपणात तितक्या आठवड्यांना पिशवी जेवढी असते तेवढी, असा त्याचा अर्थ. बारा आठवड्यांची पिशवी ओटीपोटाच्या हाडाच्या वर जेमतेम हाताला लागते, वीस आठवड्यांची बेंबीपर्यंत येते. हा आकडा डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, कारण वाट ठरवताना सगळेच तो विचारतील.

आकाराइतकीच महत्त्वाची आहे गाठीची जागा. वरच्या बाजूला असलेली मोठी गाठ सर्जनला त्यामानाने सोपी जाते. पिशवीच्या तोंडाजवळची किंवा बाजूला मूत्रवाहिनीकडे वाढलेली गाठ आकाराने लहान असली तरी अवघड. “पाच सेंटीमीटरचीच तर आहे” असं म्हणून कुणी ऑपरेशन सोपं ठरवत असेल, तर गाठ नेमकी कुठे आहे हे विचारा.

ऑपरेशनआधी हे झालंच पाहिजे

- हिमोग्लोबिन. आपल्याकडच्या बायका सातवर हिमोग्लोबिन घेऊन शेतात खुरपत असतात. त्याच अवस्थेत टेबलावर जाऊ नका. तातडी नसेल तर शिरेतून लोह देऊन काही आठवड्यांत रक्त वाढवता येतं आणि आदल्या दिवशी रक्ताच्या पिशव्यांसाठी धावपळ करावी लागत नाही.
- पॅप तपासणी. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधी वगळायलाच हवा. हा कॅन्सर असताना दुर्बिणीतून केलेल्या मोठ्या ऑपरेशनांचे निकाल पोट उघडून केलेल्यांपेक्षा वाईट आल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. म्हणजे लहान भोकं सगळ्यांनाच हितकारक असतात असं नाही.
- अस्तराचा तुकडा. चाळिशीनंतर रक्तस्राव अनियमित किंवा जास्त असेल, आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेलं असेल तर नक्कीच, पिशवीच्या आतल्या अस्तराची बायोप्सी आधी झाली पाहिजे.
- मूत्रपिंडांची सोनोग्राफी. मोठ्या पिशवीने मूत्रवाहिनी दाबली असेल तर ते आधी कळलेलं बरं.
- एमआरआय सगळ्यांना लागत नाही. गाठ झपाट्याने वाढत असेल, पाळी गेल्यावरही वाढत असेल, किंवा गाठ आणि अॅडिनोमायोसिस यांत गोंधळ असेल तर उपयोगी पडतो.

पिशवी बेंबीपर्यंत आली असेल तर काही डॉक्टर ऑपरेशनआधी दोन-तीन महिने हार्मोनची इंजेक्शनं देतात. त्याने पाळी थांबते, रक्त भरून येतं आणि गाठी बऱ्यापैकी आकसतात. कधीकधी पोट उघडण्याऐवजी दुर्बिणीची वाट त्यामुळेच मोकळी होते. इंजेक्शनं महाग असतात, अंगातून गरम वाफा येतात, तरी हा पर्याय विचारायला हरकत नाही.

वाटा कोणत्या?

खालून, योनिमार्गे. फलकावरचं ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ ते हेच. टाके असतात, पण आत. पोटावर एकही नाही. पिशवी खालून निघण्यासारखी असेल तर हीच वाट पहिली निवडावी, असं जगभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. ती स्वस्त पडते, मणक्यात भूल देऊन होते आणि बाई लवकर हिंडू-फिरू लागते. पिशवी खाली उतरलेली असली पाहिजे, असा गैरसमज आहे. अनुभवी हात न उतरलेली, बारा आठवड्यांपर्यंतची पिशवी खालून काढतात, आणि तुकडे करून त्याहून मोठीही. दुर्बिणीचा बोलबाला झाल्यापासून ही कला मागे पडत चालली आहे, याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्या बायकांच्या खिशाला आणि कामाला हीच वाट सगळ्यांत सोयीची.

दुर्बिणीतून. पोटावर अर्ध्या ते एक सेंटीमीटरची तीन-चार भोकं. पोटात वायू भरून जागा केली जाते, पडद्यावर पाहत पिशवी सोडवली जाते आणि बहुतेक वेळा खालूनच बाहेर काढली जाते. पोट उघडण्यापेक्षा वेदना कमी, टाके पिकण्याचं प्रमाण कमी, घरी लवकर. पण पूर्ण भूल लागते आणि डोकं खाली करून झोपवावं लागतं, त्यामुळे हृदय-फुप्फुसाचा गंभीर आजार असेल तर भूलतज्ज्ञांचं मत आधी घ्या. वेळही जास्त जातो. मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला इजा होण्याचा धोका पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा थोडा जास्त असतो. तसा तो कमीच, पण शून्य नाही.

दोन्ही मिळून. वरचा भाग दुर्बिणीने सोडवायचा आणि बाकीचं खालून पूर्ण करायचं. आधी सीझर झालेल्या किंवा पिशवी वर घट्ट चिकटलेल्या बायकांसाठी चांगला मध्यममार्ग.

रोबोच्या साहाय्याने. ही दुर्बिणीचीच महागडी आवृत्ती. त्यासाठी आपल्याकडचे लोक हैदराबाद-पुणे गाठतात. साध्या गाठींच्या पिशवीसाठी रोबोचा निकाल साध्या दुर्बिणीपेक्षा सरस असल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. खर्च मात्र वाढतो. केवळ रोबोसाठी जमीन गहाण टाकू नका.

पोट उघडून. आडवा किंवा उभा छेद, तीन ते पाच दिवस दवाखान्यात, सहा-आठ आठवडे आराम. पिशवी फार मोठी असेल, पोटात सगळीकडे चिकटलेली असेल, कॅन्सरची शंका असेल, किंवा जवळ दुर्बिणीतला अनुभवी सर्जन नसेल, तर हीच वाट सुरक्षित. ती मागासलेली नाही.

मोठी पिशवी लहान भोकातून बाहेर येते तरी कशी?

हा प्रश्न बायकांच्या मनात असतो, पण विचारायला त्या संकोचतात. फार थोडे डॉक्टर आपण होऊन सांगतात, आणि खरी मेख इथेच आहे.

दुर्बिणीतून पिशवी आत पूर्ण सुटी झाली, रक्तवाहिन्या बंद झाल्या, की पोटात एक मोठा मोकळा गोळा राहतो. लहान असेल तर खालून अख्खा निघतो. साडेतीनशे, पाचशे, हजार ग्रॅमचा असेल तर तसा निघत नाही. मग सर्जन खालून त्याचं टोक पकडतो आणि सफरचंदाची साल एका सलग पट्टीत सोलावी तसा चाकूने त्याला फिरवत फिरवत कापत जातो. गोळा लांब होतो आणि हळूहळू बाहेर येतो. हे काम संयमाचं, कधी तासभर चालणारं. काही ठिकाणी त्याऐवजी विजेवर फिरणाऱ्या पात्याचं यंत्र, मॉर्सेलेटर, पोटाच्या भोकातून आत घालतात आणि तिथेच तुकडे करतात.

इथे धोका कुठे येतो? गाठ साधी वाटत असली तरी फार क्वचित तिच्यात सार्कोमा नावाचा कॅन्सर लपलेला असतो. पोटाच्या मोकळ्या पोकळीत पात्याने तुकडे केले की त्याचे कण सगळीकडे उडतात आणि आजार पसरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये यावर इशारा दिला आणि नंतर तुकडे करायचेच असतील तर बंद पिशवीत करावेत असं सांगितलं. साध्या गाठीचे कणही पोटात रुजून पुन्हा वाढू शकतात.

म्हणून सर्जनना थेट विचारा:

- पिशवी बाहेर कशी काढणार? अख्खी की तुकडे करून?
- तुकडे करणार असाल तर प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून करणार का?
- माझी पाळी गेली आहे, किंवा मी पन्नाशी ओलांडली आहे. तरीही तुकडे करणं योग्य आहे का?

पाळी गेलेल्या बाईची गाठ वाढत असेल, तर तुकडे करण्याऐवजी लहान आडवा छेद घेऊन पिशवी अख्खी बाहेर काढणं मला जास्त बरं वाटतं. दुर्बिणीने काम करून शेवटी तेवढाच छेद घेणारे सर्जनही आहेत. पोटावर छेद आला म्हणून ऑपरेशन बिघडलं असं समजू नका.

तुमच्या परिस्थितीत काय बसेल?

तपासणी न करता कुणालाच ठाम सांगता येत नाही. तरी चर्चेला सुरुवात करायला हे उपयोगी पडेल:

- बारा आठवड्यांपर्यंतची पिशवी, नैसर्गिक बाळंतपणं, आधी पोटाचं ऑपरेशन नाही: खालून होईल का, हे सर्वांत आधी विचारा. सर्जननी थेट दुर्बीण सुचवली तर कारण विचारा.
- बारा ते सोळा-अठरा आठवडे: दुर्बिणीतून किंवा दोन्ही मिळून. इथे यंत्रापेक्षा सर्जनचा हात महत्त्वाचा.
- बेंबीपर्यंत किंवा वर: मोठ्या पिशव्यांचा खास अनुभव असलेला सर्जन मिळाला तर दुर्बीण शक्य आहे; कॅमेऱ्याचं भोक बेंबीच्याही वर घ्यावं लागतं. असा सर्जन जवळ नसेल तर पोट उघडून.
- दोन-तीन सीझर: मूत्राशय पिशवीला चिकटलेलं असण्याची शक्यता. वाट कुठलीही निवडा, पण अशा किती जणींची ऑपरेशनं केली हे विचारा.
- मूल न झालेल्या किंवा फक्त सीझर झालेल्या: खालची वाट अरुंद, त्यामुळे दुर्बिणीचा खरा फायदा इथे.
- मासिक पाळीत टोकाच्या वेदना, एंडोमेट्रिओसिसची शंका: आतडं चिकटलेलं असू शकतं. दुर्बिणीतला तज्ज्ञ हवाच, आणि आतड्याचा सर्जन हाकेच्या अंतरावर असलेलं रुग्णालय.

सर्जनना विचारायचे प्रश्न

विचारायला लाजू नका. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

- माझ्या एवढ्या आकाराच्या पिशव्या तुम्ही या पद्धतीने वर्षाला किती काढता?
- त्यांतल्या किती वेळा मध्येच पोट उघडावं लागलं?
- ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की बाहेरून सर्जन येणार? बाहेरून येणार असतील तर रात्री रक्तस्राव झाला तर कोण येईल?
- भूलतज्ज्ञ कोण? रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग किती दूर?
- मूत्रवाहिनीला इजा झाली तर ती दुरुस्त करणारा मूत्ररोगतज्ज्ञ इथे आहे का?

तिसरा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी फार महत्त्वाचा. शहरातला नावाजलेला सर्जन रविवारी येतो, चार ऑपरेशनं करतो आणि संध्याकाळी परततो. तो कुशल असेलही, पण खरी गरज पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत पडते. जबाबदार डॉक्टर गावात राहणारा हवा.

दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करावं लागलं तर ते अपयश मानू नका. रक्तस्राव थांबत नसताना हट्टाने दुर्बीणच चालवणारा सर्जन धोकादायक.

अंडाशयांचं काय करणार?

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढून टाकण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. “पुढची कटकट नको” म्हणून ती काढली जातात आणि बाईला महिनोन्‌महिने पत्ताही नसतो. पाळी जाण्याआधी अंडाशयं काढली की एका दिवसात पाळी जाते: अंगाची लाही, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. तिशी-चाळिशीतल्या बाईची निरोगी अंडाशयं राखलीच पाहिजेत. घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते आवर्जून सांगा, तिथे हिशेब बदलतो. गर्भनलिका मात्र पिशवीबरोबर काढून टाकण्याचा सल्ला हल्ली दिला जातो. त्याने अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो आणि हार्मोन जात नाहीत. काय काढणार, काय ठेवणार, हे संमतीपत्रावर लिहून घ्या.

संमती तुमची, कागदही तुमचे

संमतीपत्रावर सही तुमची हवी. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईसाठी नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने पुरेशी होत नाही, आणि ती बंधनकारकही नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये हेच सांगितलं. ती बाई दुर्बिणीतून फक्त तपासणीसाठी गेली होती. ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन तिची पिशवी आणि अंडाशयं काढली गेली. तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे आणि जीव धोक्यात नसताना दुसऱ्याची संमती चालत नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि भरपाई द्यायला लावली.

- मराठीत संमतीपत्र मागा, सही करण्याआधी वाचा किंवा वाचून घ्या. कोरा कागद सही करून देऊ नका.
- पोट उघडावं लागलं तर संमती आहे का, हा मुद्दा वेगळा लिहिलेला असावा.
- ऑपरेशनच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट यांच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळणं हा तुमचा हक्क आहे.
- राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. दिसलं नाही तर विचारा.
- तक्रार करायची वेळ आलीच तर जिल्हा शल्यचिकित्सक, महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

पैसा आणि जागा

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. शेजारी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय. दुसरं मत घ्यायला ही उत्तम ठिकाणं: तिथे डॉक्टरांना तुमच्या ऑपरेशनची फी मिळणार नसते, आणि रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, इतर विभाग एका छताखाली असतात. रांग लागेल, एक दिवस मोडेल. त्या दिवसाने पिशवी वाचू शकते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा, स्त्री आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडं शुल्क पडू शकतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबंही येतात आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण योजनेतली प्रत्येक शस्त्रक्रिया प्रत्येक खासगी रुग्णालयात होत नाही, काही फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. तुमचं ऑपरेशन कशात बसतं ते भरती होण्याआधी योजनेच्या आरोग्यमित्राकडून किंवा १५५३८८ या क्रमांकावरून विचारून घ्या. योजनेच्या रुग्णाकडून वर पैसे मागितले तर पावती मागा आणि तक्रार करा.

खासगीत ‘पॅकेज’ ठरवताना त्यात भूलतज्ज्ञ, रक्तवाहिन्या बंद करायची साधनं, औषधं, बायोप्सी आणि पोट उघडावं लागल्यास येणारा जादा खर्च धरला आहे का, ते कागदावर घ्या. भांडणं याच गोष्टींवरून होतात.

घरी आल्यावर

भोकं लहान असली तरी आतली जखम तेवढीच असते, हे घरच्यांना समजावून सांगा. दुर्बिणीतून किंवा खालून ऑपरेशन झालेली बाई तिसऱ्या दिवशी चालती-बोलती दिसते आणि आठव्या दिवशी तिच्या डोक्यावर हंडा येतो. पद्धत कुठलीही असो, सहा आठवडे हंडा, सोयाबीनचं पोतं, गवताचा भारा, लहान मूल, काहीही उचलायचं नाही. शारीरिक संबंध किमान सहा ते आठ आठवडे नाहीत; दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर योनीतले आतले टाके उघडण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच. काढणी किंवा तोडीचा हंगाम तोंडावर असेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर हंगामानंतरची तारीख घ्या.

पुढच्यापैकी काही झालं तर सकाळची वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा:

- एका तासात पॅड भिजेल एवढा रक्तस्राव
- ताप, घाण वासाचा स्राव
- पोट फुगणं, उलट्या, वायू न सरणं
- एका कुशीत तीव्र दुखणं किंवा लघवी कमी होणं
- योनीतून सतत पाण्यासारखं गळणं. ही लघवी असू शकते आणि ती मूत्रमार्गाच्या इजेची खूण आहे
- एका पिंढरीला सूज, धाप लागणं

टाके दाखवायला जाल तेव्हा बायोप्सीचा रिपोर्ट मागा. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, आणि रिपोर्टमध्ये काय आलं, हे डॉक्टरांकडून मराठीत समजावून घ्या. “सगळं ठीक आहे” एवढ्यावर थांबू नका. कागद हातात घ्या, त्यावर तुमचं नाव आणि तारीख तपासा आणि तो सोनोग्राफीच्या रिपोर्टबरोबर जपून ठेवा. पाठवलीच नव्हती असं उत्तर मिळालं, तर ते उत्तर डॉक्टरांकडून लेखी घ्या.